कात्रीची शाळा

रहस्यकथा लिहिणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या पानावरच होते. पुढे दीडशे पाने त्याने कितीही घाम गाळला, तरी पहिल्या पानावर वाचकाने जांभई दिली की सारे फुकट. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्या काय उगाच खपल्या? वडिलांच्या ट्रंकेत त्यांची जी पुस्तके होती ती मी अभ्यासाच्या पुस्तकात दडवून वाचली, आणि पुढे स्वतः कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा ध्यानात आले की झुंजार दारात उभा राहीपर्यंत आपण श्वास सोडलेलाच नसायचा. आमच्या गावचे कीर्तनकारबुवाही हेच करीत. पूर्वरंगात जांभया देणारी मंडळी उत्तररंगाच्या पहिल्या चार वाक्यांत सरसावून बसत.

पण पुस्तकात शब्द असतात आणि कीर्तनात बुवांचा आवाज असतो. पडद्यावर, त्यातून मुक्या पडद्यावर, यांतले काही नाही. तेथे आहेत नुसते फिल्मचे तुकडे. एका तुकड्यात माणूस घड्याळ पाहतो, दुसऱ्यात आगगाडी धावते, तिसऱ्यात एक मोटार पुलाकडे निघते. हे तीन तुकडे एकापुढे एक जोडले की प्रेक्षकाच्या छातीत धडधड का व्हावी? घड्याळाचा आणि मोटारीचा संबंध कोणी सांगितला त्याला? ही धडधड कशी निर्माण होते, याचा शाळेत बसून, फळ्यापुढे उभे राहून, मुलांकडून गिरवून घेऊन अभ्यास झाला, त्या शाळेची ही हकीकत आहे. शाळा मॉस्कोची आणि काळ रशियन क्रांतीनंतरच्या उपासमारीचा. मी पडलो शाळामास्तर, तेव्हा पडद्यावरच्या नटनट्यांपेक्षा मला त्या वर्गातल्या मास्तरांचे आणि मुलांचेच कौतुक अधिक, हे आधीच सांगून टाकतो.

ही शाळा १९१९ साली व्लादिमीर गार्दिन या दिग्दर्शकाच्या देखरेखीखाली सुरू झाली. जगातली पहिली चित्रपटशाळा म्हणून तिचे नाव घेतले जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लेनिनच्या सहीने रशियातला सारा चित्रपटधंदा सरकारच्या मालकीचा झाला होता. मालकीचा झाला खरा, पण हाती आले काय? खाजगी निर्माते कॅमेरे आणि कोरी फिल्म बरोबर घेऊन दक्षिणेला क्रिमियाकडे पळाले होते. रशियात फिल्म तयार होत नव्हती. ती बाहेरून यायची, आणि बाहेरच्या जगाने तर दारे लावून घेतलेली. यादवी युद्ध चालू, थंडी हाडे फोडणारी, पावाचा तुकडा रेशनवर. अशा वेळी चित्रपटशाळा काढणे म्हणजे दुष्काळात पाककलेचा वर्ग भरवण्यासारखेच होते.

या फिल्मटंचाईच्या मुळाशी एक अशी भानगड आहे की एखाद्या रहस्यकथाकाराने ती लिहिली असती तर संपादकाने ‘फारच ओढूनताणून’ म्हणून परत केली असती. १९१८ साली सोव्हिएट सरकारने जाक चिब्रारिओ नावाच्या एका इटालियन दलालाला अमेरिकेतून कॅमेरे आणि फिल्म आणण्याचे काम दिले. त्यासाठी न्यूयॉर्कच्या बँकेत दहा लाख डॉलर ठेवले. माल आला तो भंगार, पावत्या खोट्या, आणि पैसा चिब्रारिओच्या घशात. सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात दावा लावला. १९२३ साली तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने निकाल दिला, की ज्या सरकारला अमेरिका सरकार म्हणून मानतच नाही त्याला आमच्या न्यायालयात फिर्याद करण्याचा अधिकार नाही. झाले! चोर उजळमाथ्याने सुटला आणि मॉस्कोतली मुले फिल्मवाचून बसली.

त्या मुलांचा मास्तर होता लेव कुलेशोव. जन्म १८९९ चा, तांबोव गावचा. म्हणजे शाळेत शिकवू लागला तेव्हा वय पुरते एकवीस. चित्रकलेचा विद्यार्थी, सतरा-अठराव्या वर्षी येव्गेनी बाउअर या नामांकित दिग्दर्शकाच्या हाताखाली देखावे रंगवायला लागला. बाउअर १९१७ साली वारला आणि हा पोरगा पुढच्याच वर्षी स्वतः दिग्दर्शक झाला. मग सरकारी चित्रपटखात्यात याच्याकडे काम आले ते जुन्या चित्रपटांची नव्याने जोडणी करण्याचे. राजाच्या वेळच्या, परदेशातून आलेल्या, कुठल्या कुठल्या रिळांची कापाकापी करायची आणि नव्या राज्याला चालेल असे त्यांचे काहीतरी करायचे. या कामातच त्याला कात्रीची चटक लागली.

शाळेत त्याची नेमणूक कशी पक्की झाली तो प्रसंग मला फार आवडतो. परीक्षेत काही मुले नापास झाली. हा तेव्हा तेथे नुसता येऊन-जाऊन असे. त्याने त्या नापास मुलांना गोळा केले, त्यांच्याकडून छोटे छोटे नाट्यप्रसंग बसवून घेतले आणि पुन्हा परीक्षकांपुढे उभे केले. परीक्षक थक्क झाले. मुले पास झाली, आणि मास्तरला स्वतःचा वर्ग मिळाला. नापासांच्या बळावर बढती मिळालेला असा मास्तर आमच्या खात्यात तरी माझ्या पाहण्यात नाही.

वर्ग तरी कसा! व्हसेव्होलोद पुदोव्हकिन हा विद्यार्थी १८९३ चा, म्हणजे मास्तरपेक्षा सहा वर्षांनी मोठा. रसायनशास्त्र शिकलेला, पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत तीन वर्षे काढून आलेला. ग्रिफिथचा ‘इन्टॉलरन्स’ हा अमेरिकन चित्रपट पाहिला आणि रसायनशास्त्राला रामराम ठोकून येथे आला. बोरिस बार्नेट हा मुष्टियोद्धा. अलेक्सांद्रा खोख्लोवा ही बाई तर एका निराळ्याच जगातून आलेली. मॉस्कोत ज्यांच्या नावाचे प्रसिद्ध चित्रसंग्रहालय आहे त्या त्रेत्याकोव्हांची ती नात, आणि झारबरोबर १९१८ साली गोळ्या घातल्या गेलेले राजवैद्य बोत्किन तिचे सख्खे चुलते. अशा घरातली बाई नव्या राज्यात शाळेच्या थंड खोलीत उड्या मारणे, पडणे, मारामारी करणे शिकत होती. अंगाने काटकुळी, चेहरा रूढ अर्थाने देखणा नव्हे. चित्रपटखात्यातल्या अधिकाऱ्यांना ती नायिका म्हणून पटत नसे. कुलेशोवला ती पटली. दोघांनी पुढे जन्मभर संसार केला.

फिल्म नाही, तर शिकवायचे काय? यावर त्या मास्तरने काढलेली तोड अशी: फिल्मवाचून चित्रपट. वर्गातच एक लहानसा रंगमंच, त्याला काळे पडदे. पडदा उघडला की एक दृश्य, दोन क्षणांत बंद. पुन्हा उघडला की दुसरे. कधी सारे अंग दिसेल एवढी जागा मोकळी, कधी फक्त चेहरा दिसेल एवढीच. म्हणजे कॅमेरा जे करतो ते पडद्यांनी करायचे आणि कात्री जे करते ते मुलांनी धावपळ करून. या नाटुकल्यांची नावेच पाहा: ‘व्हेनिसचा मोजा’, ‘सेंट जोसेफ रस्ता, घर नंबर १४७’. घर नंबर १४७! नाव ऐकूनच दार उघडावेसे वाटते. सगळा माल चोरी, पाठलाग, सुरे, संशय या जातीचा. मास्तरला करुणरसाचे वावडे नव्हते; पण त्याने पाहून ठेवले होते की रशियन चित्रपटात नायक पाच-पाच मिनिटे खुर्चीत बसून उसासे टाकतो आणि स्वस्तातल्या थिएटरातला प्रेक्षक शेंगा फोडत बसतो. तोच प्रेक्षक अमेरिकन गुन्हेगारी चित्रपटाला मात्र बाकावर उभा राहतो. का? तर अमेरिकन चित्रपटात तुकडे लहान, पुष्कळ आणि भराभर. १९२२ साली त्याने यावर लेखच लिहिला. आमच्याकडे साहित्यिक मंडळी रहस्यकथेला नाके मुरडतात, तशी त्याच्याकडेही मुरडणारी होती. हा म्हणे, नाक मुरडू नका, आधी मोजा. त्याने खरोखरच तुकडे मोजले.

१९२० साली या वर्गाने पहिला चित्रपट केला तो लढाईच्या आघाडीवर, पोलंडच्या मोहिमेत. नाव ‘लाल आघाडीवर’. गुप्त कागद, शत्रूचा हेर आणि त्याच्याशी झुंजणारा लाल सैनिक, असा पाठलागाचा मामला. खरी लढाई आणि नकली पाठलाग एकत्र जोडलेले. त्याची प्रत आज उपलब्ध नाही.

मग १९२१ साली सरकारने या वर्गाला प्रयोगांसाठी फिल्म दिली. किती? नव्वद मीटर. वाचकहो, त्या काळच्या वेगाने पडद्यावर चालवली तर नव्वद मीटर फिल्म पाच मिनिटांत संपते. आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलांनी गेल्या साली स्नेहसंमेलनासाठी मोबाइलवर एक ‘थ्रिलर’ काढला. त्याची सुरवात कशी करावी ते ठरवण्यासाठी त्यांनी चार तासांचे चित्रण केले आणि मग ते कापायचे कसे म्हणून माझ्याकडे आली. मी त्यांना नव्वद मीटरची गोष्ट सांगितली. त्यांनी नम्रपणे ऐकून घेतली.

त्या पाच मिनिटांच्या फिल्ममध्ये कुलेशोवने काय काय बसवले ते ऐकण्यासारखे आहे. खोख्लोवा एका रस्त्याने चालते आहे. ओबोलेन्स्की नावाचा नट नदीकाठच्या धक्क्याने चालतो आहे. ही दोन ठिकाणे एकमेकांपासून चांगली दूर. दोघे एकमेकांना पाहतात, हसतात, पुढे येतात, आणि हात मिळवतात ते तिसऱ्याच जागी, गोगोलच्या पुतळ्यापाशी. मग ते एका दिशेला पाहतात. तेथे दिसते वॉशिंग्टनचे व्हाइट हाऊस, कुठल्याशा अमेरिकन चित्रपटातून कापून घेतलेले. पुढच्या तुकड्यात ते एका भव्य इमारतीच्या पायऱ्या चढतात. त्या पायऱ्या मॉस्कोतल्या ख्रिस्ताच्या महामंदिराच्या. आणि पाहणाऱ्याला वाटते काय, की हे दोघे एका गावात राहतात, एका चौकात भेटले आणि समोरच्या वाड्यात गेले. पृथ्वीच्या पाठीवर नसलेले गाव कात्रीने वसवले. याला त्याने ‘रचलेला भूगोल’ अशा अर्थाचे नाव दिले. यातला गमतीचा भाग असा, की हस्तांदोलनाच्या तुकड्यात हात या दोघांचे नव्हतेच. तो तुकडा राहून गेला म्हणून मागाहून दुसऱ्याच दोघांना त्यांचे कोट चढवून घेतला, आणि कोणाच्याही ते लक्षात आले नाही. दुसऱ्या एका प्रयोगात निरनिराळ्या बायकांचे डोळे, ओठ, पाय, पाठ घेऊन त्याने एकच बाई ‘तयार’ केली. आपल्या पुराणांत तिलोत्तमा अशीच तिळातिळाने घडवली, पण ब्रह्मदेवाला फिल्मची टंचाई नव्हती.

त्या भूगोलाच्या प्रयोगाचा एक तुकडा पुढे रशियातल्या संग्रहात सापडला आणि १९९६ साली त्याविषयी अभ्यासकांनी लिहिले.

सर्वांत गाजलेला प्रयोग मात्र हरवला तो हरवलाच. मोझ्झुखिन हा झारच्या काळचा लाडका नट. १९२० साली देश सोडून गेला, पण त्याची जुनी रिळे मागे राहिली. कुलेशोवने त्याच्या चेहऱ्याचा एक निर्विकार तुकडा घेतला आणि त्याला तीन निरनिराळ्या तुकड्यांशी जोडले. एकदा सूपने भरलेली थाळी, एकदा शवपेटी, एकदा तिसरेच काही. पाहणाऱ्यांनी तोंडभर स्तुती केली: काय ती भूक! काय ते दुःख! चेहरा मात्र तोच. तिसरा तुकडा कोणता याविषयी साक्षीदारांचेच एकमत नाही. पुदोव्हकिनच्या सांगण्याप्रमाणे बाहुल्या अस्वलाशी खेळणारी लहान मुलगी; दुसऱ्या हकीकतींत कोचावर पहुडलेली स्त्री. पोलीसचौकीत असे झाले असते तर खटला तेथेच ढासळला असता. इतिहासात मात्र अशा गोष्टी अधिकच पक्क्या होतात.

मी हा प्रयोग माझ्या वर्गात करून पाहिला. एका शांत मुलाचा फोटो काढला आणि तो पडद्यावर दाखवून पाठोपाठ एकदा पुरणपोळीचे ताट दाखवले, एकदा पाडलेले घर, एकदा गणिताची प्रश्नपत्रिका. भूक सर्वांना दिसली. घर पाडल्याचे दुःखही बहुतेकांना दिसले. प्रश्नपत्रिकेपाशी मात्र वर्गात दोन तट पडले: निम्मे म्हणाले तो घाबरला आहे, निम्मे म्हणाले त्याला पेपर आधीच फुटलेला आहे.

या वर्गात १९२२-२३ च्या हिवाळ्यात संध्याकाळी एक तरुण येऊन बसू लागला. मोठे कपाळ, जाडसर अंग, नाटकमंडळीत काम करणारा. सर्गेई आयझेन्स्टाइन त्याचे नाव. तो तेथे शिकला जेमतेम तीन महिने. पण त्याची खरी शाळा आणखी एका खोलीत होती, आणि तिथली शिक्षिका होती एस्फिर शुब.

या बाईविषयी लोक कमी बोलतात, म्हणून मी थोडे अधिक बोलणार आहे. परदेशी चित्रपट रशियात दाखवण्याजोगे करण्याच्या कामावर ती सरकारी चित्रपटसंस्थेत होती. अमेरिकन मालिका, जर्मन नाटके, जे येईल ते तिच्या टेबलावर. कुठला प्रसंग गाळायचा, कुठला पुढे घ्यायचा, मधल्या पाट्या कशा बदलायच्या, हे सारे ती करी. कात्री, डिंकासारखे द्रावण, आणि तुकडे प्रकाशापुढे धरून पाहणारे डोळे. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, म्हणजे १९१३ च्या सुमारास, सरस्वतीबाई दिवसभर घरचा रामरगाडा ओढून रात्री फिल्मला भोके पाडीत बसत. चित्रपटाच्या इतिहासात अंधाऱ्या खोलीतले, डोळे फोडणारे काम बऱ्याच वेळा बायांच्या वाट्याला आले आणि पडद्यावर नाव दुसऱ्याचे लागले. शुबचे नाव मात्र पुढे लागले: १९२७ साली तिने जुन्या बातमीपटांचे, झारच्या घरगुती चित्रणाचेसुद्धा तुकडे शोधून ‘रोमानोव्ह घराण्याचे पतन’ हा चित्रपट केला.

१९२४ साली या टेबलावर आला फ्रिट्झ लांगचा जर्मन चित्रपट ‘जुगारी डॉक्टर माबूझ’. १९२२ सालचा, दोन भागांचा, चार तासांहून लांब. त्याची सुरवात इतकी नामी आहे की ती सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

पडद्यावर प्रथम दिसतात ते हातात पत्त्यांसारखे धरलेले फोटो. प्रत्येकावर वेगळा माणूस: कोणी म्हातारा, कोणी सावकार, कोणी खलाशी. हात पत्ते पिसतात. मग कळते, हे सारे चेहरे एकाच माणसाचे, डॉक्टर माबूझचे, आणि आज कोणते सोंग घ्यायचे ते तो निवडतो आहे. निवडलेला पत्ता तो नोकराच्या हाती देतो. मग घड्याळ. तेथून आगगाडीचा डबा: एक माणूस चामडी बॅग सांभाळून बसलेला, समोर दुसरा माणूस, तोही घड्याळ पाहतो. कुठल्याशा रस्त्यावर मोटार उभी. तिचा चालकही घड्याळ पाहतो. डब्यात झटापट होते. बॅग खिडकीतून बाहेर. गाडी त्या क्षणी पुलावर आहे आणि पुलाखालून नेमकी तीच मोटार चालली आहे. बॅग मोटारीत पडते. तारेच्या खांबावर दुरुस्तीवाल्याच्या वेषात बसलेला एक इसम हे पाहतो आणि तेथूनच टेलिफोन लावतो. घरात माबूझच्या टेबलावर घंटी वाजते. त्या बॅगेत दोन देशांमधला व्यापारी करार आहे. तो चोरीला गेल्याच्या बातमीने शेअरबाजार कोसळतो, माबूझ स्वस्तात खरेदी करतो, करार सुखरूप परत सापडतो, भाव चढतात, आणि तो विकतो.

म्हणजे बॅग चोरायची होती ती ठेवून घेण्यासाठी नव्हेच! आमच्या रहस्यकथांतले चोर हार चोरतात आणि हारासकट पकडले जातात. हा डॉक्टर वेळ चोरतो. आणि दिग्दर्शकाने ते दाखवले कशाने, तर घड्याळे जोडून. पुढच्या शंभर वर्षांत निघालेल्या किती रहस्यपटांची सुरवात याच घड्याळांवर चालते, ते वाचकांनी आपले आपण आठवून पाहावे.

हे रीळ आयझेन्स्टाइनने शुबबरोबर बसून सोडवले, आणि मगच पुन्हा बांधले. दोन भागांचा एक चित्रपट करायचा होता. बंद घड्याळ उघडून पाहणाऱ्या पोराप्रमाणे एकेक तुकडा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, कशावर कापला आहे, हे त्याने हाताने चाचपून पाहिले. नवे नाव ठेवले ‘सोनेरी मुलाम्याची सड’, म्हणजे भांडवलशाही समाज वरून कसा चकाकतो आणि आतून कसा कुजलेला आहे, हे प्रेक्षकाला आधीच बजावणारे.

येथे मला जरा थांबावेसे वाटते. शिक्षण म्हणून हे काम अव्वल होते, यात शंका नाही. पण ते काम होते सेन्सॉरचे. लांगने जर्मनीत बसून जे म्हटले होते ते पुसून, त्याच्याच चित्रांतून सरकारला हवे ते म्हणवून घ्यायचे. मोझ्झुखिनच्या चेहऱ्याशेजारी सूप ठेवायचे की शवपेटी, एवढाच प्रश्न; आणि ते ठरवणारा माबूझसारखाच पडद्याआड. त्या मुलांना हे जाणवत होते की नाही, कोण जाणे. विशीतल्या माणसाला हाती कात्री आली की कापण्याचीच धुंदी फार असते. माझ्या पहिल्या कादंबरीवर एका मासिकाच्या संपादकाने अशीच कात्री चालवली होती. शेवटच्या प्रकरणात मेलेला माणूस छापून आला तेव्हा पहिल्या प्रकरणात मेलेला होता. कथा वाईट झाली नव्हती, हे त्यातले दुःख.

तिकडे कुलेशोवच्या वर्गाचाही भाग्योदय झाला. १९२४ च्या एप्रिलात त्यांचा पहिला पुरा लांबीचा चित्रपट लागला: बोल्शेव्हिकांच्या देशात आलेल्या मिस्टर वेस्ट नावाच्या अमेरिकन गृहस्थाची फजिती. अमेरिकेतल्या मासिकांत रानटी रशियनांची चित्रे पाहून हा गृहस्थ आधीच गर्भगळीत. मॉस्कोत पाऊल टाकतो तोच त्याची बॅग जाते, आणि भामट्यांची एक टोळी त्याला हवे तसे रानटी बोल्शेव्हिक सोंगे आणून दाखवते व लुबाडते. पुदोव्हकिन भामट्यांचा म्होरक्या, खोख्लोवा टोळीतली ‘काउंटेस’, बार्नेट अमेरिकन काउबॉय. रस्त्यावर आडव्या ताणलेल्या दोरावरून तो लोंबकळत जातो तेव्हा आजही पोटात गोळा येतो. वर्गातल्या त्या काळ्या पडद्यांमागे वर्षानुवर्षे धावपळ केलेली मुले. फिल्म मिळाल्यावर त्यांना काय अवघड? पुढच्या वर्षी पुदोव्हकिनने लिहिलेला ‘मृत्युकिरण’ हा रहस्यपट याच मंडळींनी काढला.

आणि आयझेन्स्टाइनचा पहिला चित्रपट ‘संप’ १९२५ साली आला. त्याच्या आरंभीच्या भागात पोलिसांच्या हेरांचे फोटो अल्बममध्ये दिसतात आणि पाहता पाहता ते फोटो जिवंत होऊन हालचाल करू लागतात. हेर वेष बदलतात, सोंगे घेतात. मला तरी तेथे माबूझच्या हातातले पत्ते पिसले गेल्याचा आवाज ऐकू येतो. त्याच वर्षाच्या २१ डिसेंबरला बोल्शोई नाट्यगृहात ‘बॅटलशिप पोटेमकिन’ प्रथम दाखवला गेला. त्याची कीर्ती मी नव्याने सांगायला नको.

शिष्य जगप्रसिद्ध झाले आणि गुरू मागे पडला. पुदोव्हकिनने आणि इतरांनी गुरूचे ऋण छापून मान्य केले, ही त्यांची सज्जनता. पण १९३० नंतर वारे फिरले. कुलेशोववर ‘नुसत्या आकृतीचा हौशी’ असा ठपका आला, चित्रपट मिळेनासे झाले. तो पुन्हा खडू हाती घेऊन उभा राहिला, त्याच शाळेचा पुढे प्रमुखही झाला, आणि १९७० साली वारला तोवर शिकवत राहिला. अशा माणसाला अपयशी म्हणावे, असे मला वाटत नाही. पण मी मास्तर आहे, माझे मत पक्षपाती धरावे.

आयझेन्स्टाइनही त्याच संस्थेत मास्तर झाला. त्याच्या वर्गाचे टिपण व्लादिमीर निझ्नी या विद्यार्थ्याने ठेवले, ते १९५८ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यातला एक धडा असा: दोस्तोयव्हस्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’मधला म्हाताऱ्या सावकारणीचा खून चित्रित करायचा. अट एकच: कापायचे नाही. कॅमेरा एका जागी, तुकडा एक. दार कोठे ठेवायचे? म्हातारी पाठ कधी वळवील? तरुणाचा हात कोटाखालच्या कुऱ्हाडीकडे जातो तो प्रेक्षकाला आधी दिसावा की नंतर? मुले सुचवतात, मास्तर प्रश्न विचारून त्यांची सूचना मोडतो, पुन्हा मुले सुचवतात. नट कॅमेऱ्याजवळ आला की आपोआप चेहरा मोठा होतो, दूर गेला की सारी खोली दिसते. म्हणजे न कापताही कापण्याचे सारे काम साधता येते, हे मुलांना स्वतःच सापडते. आयुष्यभर कात्री चालवलेल्या माणसाने वर्गात येऊन कात्री काढून घ्यावी, हा शिकवण्याचा प्रकार मला फार मोठा वाटतो. शुद्धलेखनाच्या तासाला मी कधी कधी खोडरबर काढून घेतो, त्याची प्रेरणा हीच.

पुदोव्हकिन १९५१ साली हिंदुस्थानात येऊन गेला. पुण्यात प्रभातचा स्टुडिओ बंद पडल्यावर त्याच जागेत १९६० साली केंद्र सरकारने चित्रपटशाळा काढली, आणि तेथे आयझेन्स्टाइनला गुरुस्थानी मानणारे ऋत्विक घटक काही काळ शिकवायला होते. ‘संत तुकाराम’ जेथे झाला त्या आवारात मुले पोटेमकिनचे तुकडे मोजू लागली, ही प्रगती म्हणायची की नियतीची थट्टा, ते ज्याचे त्याने ठरवावे. मला दोन्ही चित्रपट सारखेच आवडतात.

राहता राहिले ते आयझेन्स्टाइनच्या ‘बेझिनचे कुरण’ या चित्रपटाचे. १९३७ च्या मार्चमध्ये वरून हुकूम आला आणि अर्धामुर्धा झालेला हा चित्रपट बंद पडला. जे चित्रण झाले होते तेही पुढे नष्ट झाले. युद्धातल्या बॉम्बहल्ल्यात गेले असे सांगतात. पण जोडणीच्या खोलीत एस्फिर तोबाक नावाची एक बाई काम करीत होती. फिल्म जोडताना प्रत्येक तुकड्याच्या टोकाची एक-दोन चित्रे कापून वेगळी ठेवली जात. ती तिने सांभाळून ठेवली होती. ती आयझेन्स्टाइनच्या पत्नीकडे, पेरा आताशेव्हाकडे राहिली. आयझेन्स्टाइन १९४८ साली गेला. त्यानंतर कितीतरी वर्षांनी युतकेविच आणि क्लेइमान या दोघांनी त्या कपट्यांचा मूळ लिखाणाशी मेळ घालून क्रम लावला, त्यावर प्रोकोफिएव्हचे संगीत घातले आणि १९६७ साली तो चित्रपट लोकांना दाखवला. अर्धा तास ती चित्रे पडद्यावर एकामागून एक येत राहतात. हलत मात्र एकही नाही.